शांबोर: एक गैरसोयीचा राजवाडा

विट्रूव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञानें चांगल्या इमारतीचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत. ती टिकाऊ असावी, सोयीची असावी व सुंदर असावी. हीं लक्षणें इतकीं साधीं व रास्त आहेत कीं, त्यांविषयीं वाद होण्याचें कांहीं कारण दिसत नाहीं. परंतु जगांत अशा कांहीं थोड्या वास्तु आहेत कीं, त्यांना ही कसोटी लावूं लागलें म्हणजे वास्तूबरोबर कसोटीचीहि परीक्षा होऊं लागते. फ्रान्समध्यें ल्वार नदीच्या खोऱ्यांत असलेला शांबोरचा राजवाडा हा त्यांपैकीं एक होय. पांचशें वर्षें तो उभा आहे, तेव्हां टिकाऊपणाचा प्रश्न उरत नाहीं. त्याच्या सौंदर्याविषयीं रसिकांत मतभेद आहेत. पण तो पाहून उदासीन राहिलेला मनुष्य विरळा. सोय मात्र तेथें जवळजवळ नाहींच. ज्या राजानें तो बांधविला, त्यानें आपल्या ३२ वर्षांच्या कारकीर्दींत तेथें सारे मिळून सुमारें ७२ दिवस काढले असें सांगतात. मग या वास्तूला फसलेली म्हणावें कीं थोर म्हणावें? तिचा दोष व तिचा गुण हे दोन्ही एकाच मुळापासून निघालेले आहेत, आणि तें मूळ नीट पाहिल्याखेरीज यांपैकीं कोणतेंच विशेषण तिला लावणें न्याय्य होणार नाहीं, असें मला वाटतें.

प्रथम नांवाचाच विचार करूं. फ्रेंच लोक या इमारतीस 'शातो' म्हणतात. त्याचें भाषांतर मराठींत कोणी किल्ला असें करतात, कोणी राजवाडा. दोन्ही शब्द अर्धेच खरे आहेत. किल्ला म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें कडे, तट, चोरवाटा व पाण्याचीं टाकीं उभीं राहतात, आणि त्यांतील प्रत्येक गोष्टीला कांहीं ना कांहीं कारण असतें. शांबोर हें सपाट, दलदलीच्या व अरण्यानें वेढलेल्या प्रदेशांत आहे. तेथें राखावी अशी खिंड नाहीं, घाट नाहीं, मोठें शहर नाहीं. कोसों नांवाची एक लहानशी नदी तेवढी वाहते. शिवाय इ. स. १५१९ सालीं, म्हणजे त्याचें काम सुरू झालें तेव्हां, तोफांनीं उंच भिंतींच्या गढ्यांचे दिवस संपविले होते. असें असूनहि शांबोरला चार गोल बुरूज असलेला भक्कम बालेकिल्ला आहे, त्याभोंवतीं तटासारखी दुसरी चौकट आहे, आणि एके काळीं तेथें खंदकहि होता. मात्र जेथें जंग्या असावयाच्या तेथें मोठमोठ्या खिडक्या आहेत. दरबारी गृहस्थानें कमरेला रत्नजडित मुठीची तरवार लटकवावी, त्याप्रमाणें हे बुरूज आहेत. लढाईशीं त्यांचा संबंध नाहीं. आपण लढवय्यांच्या कुळांतले आहों एवढेंच त्यांस सांगावयाचें आहे.

हें सांगण्याची हौस ज्याला होती तो पहिला फ्रान्सिस १५१५ सालीं, वीस वर्षांचा असतां, गादीवर आला. त्याच वर्षीं मारिन्यानो येथें विजय मिळवून त्यानें मिलान घेतलें. इटलींत त्याला प्रांताहून मोलाची गोष्ट आढळली: तेथील कला. चित्रें, मूर्ति, बागा व प्रमाणबद्ध इमारती पाहून आपल्या देशांतले अंधारे वाडे त्याला ओबडधोबड वाटूं लागले असल्यास नवल नाहीं. १५१६ सालीं त्यानें लिओनार्दो दा व्हिंची याला फ्रान्सला बोलावून आंब्वाझ येथें मोठ्या मानानें ठेवून घेतलें. लिओनार्दो १५१९ च्या मे महिन्यांत वारला. शांबोरच्या बांधकामाचा राजाचा हुकूम त्याच वर्षाच्या सप्टेंबरांतला आहे. या दोन तारखांमधील चार महिन्यांच्या अंतरानें पुढील पंडितांना जितकें काम दिलें आहे, तितकें क्वचितच एखाद्या शिलालेखानें दिलें असेल.

शांबोरचा कर्ता कोण हा तो वाद होय. त्याचा थोडक्यांत निर्देश करणें भाग आहे, कारण वास्तूच्या स्वरूपाशीं त्याचा निकट संबंध आहे. दोमेनिको दा कोर्तोना या इटालियन कारागिरानें शांबोरचा एक लांकडी नमुना केला होता. सतराव्या शतकांत फेलिबियँ या ग्रंथकारानें तो ब्ल्वा येथें पाहून त्याचीं रेखाटनें करून ठेवलीं, म्हणूनच नमुना नष्ट झाला तरी तो कसा होता हें आपणांस कळतें. त्यांत मधला चौक व चार बुरूज आहेत. पण जिना सरळ असून तो एका बाजूच्या दालनांत बसविलेला आहे. आज शांबोरचें नांव घेतल्याबरोबर जो दुहेरी गोल जिना आठवतो, तो या नमुन्यांत नाहीं. लिओनार्दोच्या टिपणवह्यांत मात्र एकाच गाभ्याभोंवतीं अनेक जिने गुंफण्याचीं चित्रें आढळतात. एवढ्यावरून सारा राजवाडा त्याच्या नांवावर चढविणें धाडसाचें होईल. पण मधल्या जिन्याची कल्पना त्याच्या सहवासांतून राजाच्या मनांत रुजली असावी, या तर्कास पुष्कळ आधार आहे. आणि ही कल्पना दगडांत कोणी उतरविली? झाक सूर्दो, पिएर नेपव्हो यांसारख्या फ्रेंच गवंड्यांनीं. तेव्हां मूळ आराखडा इटालियन शिष्याचा, मध्यबिंदूचा विचार बहुधा एका वृद्ध तत्त्वज्ञ चित्रकाराचा, हात ल्वारकांठच्या पाथरवटांचे, आणि हट्ट राजाचा, अशी ही चौघांची कृति आहे. एकच कर्ता शोधण्याच्या भरांत तिच्या या मिश्र जन्माकडे दुर्लक्ष होतें, आणि शांबोरचें बरेंचसें वैचित्र्य या मिश्रणांतच आहे.

आतां आंत शिरूं. बालेकिल्ल्याचा आराखडा चौरस आहे. त्या चौरसांत समान भुजांचा एक क्रूस आंखलेला असून त्याच्या चारी भुजा म्हणजे चार विस्तीर्ण दालनें होत. चौरसाच्या चार कोपऱ्यांत व त्यांस लागून असलेल्या बुरुजांत राहण्याच्या खोल्यांचे स्वतंत्र गट आहेत. हीच रचना मजल्यागणिक पुन्हा येते. दुसऱ्या मजल्यावरील दालनांचें दगडी छत लहान लहान खणांत विभागलेलें असून त्यांत राजाच्या नांवाचें आद्याक्षर व सॅलॅमंडर कोरलेले आहेत. हा सरड्यासारखा प्राणी आगींत जगतो अशी जुन्या लोकांची समजूत होती, व फ्रान्सिसनें तो आपलें चिन्ह म्हणून घेतला होता. क्रूसाच्या चारी भुजा जेथें मिळतात त्या मध्यावर जिना आहे. मळसूत्रावर एकाऐवजीं दोन आटे समांतर कापावे, तसे दोन जिने एका पोकळ गाभ्याभोंवतीं एकाच दिशेनें वळत वर गेले आहेत. एका जिन्यानें चढणारा व दुसऱ्यानें उतरणारा यांना गाभ्याच्या झरोक्यांतून एकमेकांचें दर्शन होतें. भेट मात्र होत नाहीं. या जिन्याची कीर्ति इतकी पसरली कीं, पाल्लादिओनें १५७० सालच्या आपल्या ग्रंथांत त्याची आकृति देतांना दोन जिन्यांचे चार करून टाकले!

प्रवासी लोक या जिन्याकडे एक गमतीची युक्ति म्हणून पाहतात. मला त्यांत युक्तीहून अधिक कांहीं दिसतें. समभुज क्रूसाचा आराखडा हा त्या काळच्या इटलींत देवालयासाठीं मान्य झालेला होता. रोमच्या सेंट पीटरच्या मंदिरासाठीं ब्रामांतेनें १५०६ च्या सुमारास असाच आराखडा योजिला होता. अशा देवालयांत मध्यावर घुमट असतो व साऱ्या रचनेचें लक्ष त्या स्थानाकडे लागलेलें असतें. राजवाड्यांत तें स्थान सिंहासनाला मिळावें हें स्वाभाविक दिसतें. शांबोरच्या योजकांनीं देवालयाचा आराखडा घेतला, पण त्याच्या गाभाऱ्यांत देवहि बसविला नाहीं व राजाहि बसविला नाहीं. तेथें त्यांनीं जिना ठेवला, म्हणजे ज्या जागेवर कोणाला स्थिर राहतां येत नाहीं अशी वस्तु ठेवली. साऱ्या इमारतीचें हृदय ही एक वाट आहे. चारी बाजूंनीं आंत यावें, वळत वळत वर जावें, आणि शेवटीं उजेडांत व वाऱ्यांत बाहेर पडावें, एवढाच तिचा हेतु. हें ध्यानांत आलें म्हणजे जें जें गैरसोयीचें वाटतें त्याचा बराचसा उलगडा होतो. घर हें थांबण्यासाठीं असतें. शांबोर हें चढण्यासाठीं आहे.

चढून जेथें पोंचावयाचें ती गच्ची हा या वास्तूचा दुसरा विशेष. खालून दर्शनी भाग पाहिला तर तेथें शिस्त आहे. आडव्या पट्ट्यांनीं व सपाट खांबांनीं भिंतीचे सारखे चौकोन पाडलेले, खिडक्या एकाखालीं एक, दोन्ही बाजू एकमेकींचें प्रतिबिंब वाटाव्या अशा. पण नजर वर गेली कीं ही शिस्त संपते. धुराडीं, छपरांतल्या कोरीव खिडक्या, लहानमोठे मनोरे यांची तेथें एवढी दाटी आहे कीं, इमारतीच्या डोक्यावर एक छोटें गांवच वसलें आहे असें वाटावें. या गर्दीच्या मधोमध, जिन्याच्या डोक्यावर, कंदिलाच्या आकाराचा मनोरा उभा आहे. इटलींतल्या कारागिरानें अशा ठिकाणीं रंगीत संगमरवराचे तुकडे बसविले असते. येथें पांढऱ्या मऊ चुनखडीच्या दगडांत काळ्या पाटीच्या दगडाच्या चकत्या व चौकटी बसविल्या आहेत. जवळ जें होतें त्यांतून दूरचें रूप साधण्याचा हा प्रयत्न आहे, आणि माझ्या दृष्टीनें साऱ्या राजवाड्यांतलें अत्यंत हृद्य काम तेंच होय.

या गच्चीविषयीं टीकाकारांत दोन पक्ष आहेत. खालच्या संयमाशीं वरचा उच्छृंखलपणा जुळत नाहीं असा एकांचा आक्षेप. दुसऱ्यांना तीच खरी प्रतिभा वाटते. क्षेमेंद्रानें औचित्य हें काव्याचें जीवित मानलें; त्याची दृष्टि घेऊन पाहिलें तर पहिला पक्ष वरवर बळकट दिसतो. पण औचित्य म्हणजे सर्वत्र सारखेपणा नव्हे. फ्रान्सच्या गवंड्याला शेंकडों वर्षें वर वर जाणाऱ्या रेषांची संवय होती. गॉथिक देवळांच्या शिखरांवर त्याचा हात बसलेला होता. त्याला इटालियन आराखड्याच्या चौकोनांत राबविलें, तरी छपराशीं पोंचतांच त्यानें आपली मायबोली बोलावयास सुरुवात केली. शिवाय ही गच्ची नुसती शोभेची नव्हती. आजूबाजूच्या रानांत चाललेली शिकार पाहण्याची ती जागा होती. दरबारचा समुदाय जेथें खरोखर रमावयाचा तेथेंच अलंकार भरावे, यांत अनौचित्य तें काय?

असें असलें तरी गैरसोयीचा मुद्दा सुटत नाहीं. दर्शनी भाग सुमारें ५१० फूट लांब, उंची १८० फुटांवर, ४२६ खोल्या, ७७ जिने, २८२ शेकोट्या असा हा पसारा. एवढ्या शेकोट्या असूनहि तो ऊबदार होत नसे, कारण दालनें उंच व प्रचंड आणि मधला जिना वाऱ्याला मोकळा. त्या काळीं दरबार फिरता असे. गालिचे, पडदे, भांडीं, पलंग हें सारें राजाबरोबर येई व राजाबरोबर जाई. राजा गेला म्हणजे मागें नुसता दगड उरे. आणि याहून सूक्ष्म अशी एक अडचण आराखड्यांतच होती. चारी कोपरे सारखे केले म्हणजे त्यांतला राजाचा कोणता? पूर्ण समतेच्या भूमितींत राजाला वेगळें स्थान नसतें. हें फ्रान्सिसलाहि जाणवलें असावें. कारण पुढें त्यानें आपलें राहण्याचें ठिकाण बालेकिल्ल्यांतून हलवून बाहेरच्या चौकटीच्या एका कोपऱ्यांत निराळें बांधविलें. ज्यानें हा समतोल साधला, त्यालाच राहण्यासाठीं तो मोडावा लागला.

त्याच्यामागून जो जो तेथें राहावयास आला, त्यानें त्यानें असेंच कांहीं मोडलें. चौदावा लुई याचें वैभवशाली मन क्रूसाच्या मोकळ्या भुजांत मावेना. त्यानें एक भुजा बंद करून दर्शनी बाजूस आपलीं दालनें करविलीं. राज्य गमावलेला पोलंडचा राजा स्तानिस्लास, जो पंधराव्या लुईचा सासरा होता, तो १७२५ पासून १७३३ पर्यंत तेथें होता. दलदलीच्या रोगट हवेला कंटाळून त्यानें खंदक बुजविले. अठराव्या शतकांत थंडी टळावी म्हणून कांहीं खोल्यांचीं छतें खालीं आणलीं, भिंतींना लांकडी अस्तर दिलें, चिनी मातीच्या शेगड्या बसविल्या. मार्शल द साक्स हा नामांकित सेनापति येथें ऐश्वर्यांत राहून १७५० सालीं येथेंच वारला. शांबोरचा इतिहास हा एका कल्पनेशीं राहणाऱ्यांनीं केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे.

या काळांतली एक आठवण साहित्यप्रेमी वाचकांस विशेष रुचेल. हरिभाऊ आपट्यांनीं ज्याच्या प्रहसनावरून 'मारून मुटकून वैद्यबोवा' लिहिलें, त्या मोलियेरचें उमरावांची नक्कल करूं पाहणाऱ्या एका सधन व्यापाऱ्याविषयींचें सुप्रसिद्ध नाटक प्रथम शांबोर येथें, १४ ऑक्टोबर १६७० रोजीं, चौदाव्या लुईसमोर झालें. व्यापाऱ्यानें उमरावाचें सोंग आणलें म्हणून दरबार हंसला. ज्या घरांत बसून तो हंसत होता, तें घर स्वतःच किल्ल्याचें सोंग घेऊन उभें होतें, हें मात्र कोणाच्या ध्यानांत आल्याची नोंद नाहीं!

आतां ज्या गोष्टीकडे शांबोरचे स्तुतिपाठक सहसा वळत नाहींत, तिचा विचार केला पाहिजे. १५२५ च्या फेब्रुवारींत पाव्हिया येथें फ्रान्सिसचा पराभव होऊन तो सम्राट् पांचवा चार्ल्स याच्या हातीं सांपडला व माद्रिदला कैदेंत पडला. शांबोरचें काम थांबलें. १५२६ च्या मार्चमध्यें त्याची सुटका झाली, ती त्याच्या दोन मुलांना ओलीस देऊन. थोरला आठ वर्षांचा, धाकटा सात वर्षांचाहि पुरा झालेला नव्हता. सुटून आल्यावर राजानें दिलेला तह मोडला, आणि त्याच १५२६ सालीं शांबोरचें काम पुन्हा सुरू करविलें. वीस लाख सुवर्णमुद्रांच्या खंडणीचा ठराव होऊन मुलें परत आलीं, तीं १५३० च्या जुलैंत. म्हणजे ज्या चार वर्षांत हीं लेंकरें परक्या मुलुखांत कोंडलेलीं होतीं, त्याच वर्षांत बापाचे बुरूज चढत होते. पुढें १५३९ च्या डिसेंबरांत तोच पांचवा चार्ल्स फ्रान्समधून जात असतां फ्रान्सिसनें त्याला शांबोरला नेऊन आपला राजवाडा दाखविला. पाव्हियाच्या पराभवाचें उत्तर देण्यासाठीं याहून सुंदर साधन त्याच्याजवळ नव्हतें. पण त्या उत्तराची किंमत कोणीं कोणीं दिली, हें विसरून चालणार नाहीं. भोंवतालच्या १३,००० एकरांहून अधिक रानाला सुमारें २० मैलांची भिंत घालण्यांत आली. ती सतराव्या शतकाच्या मध्यास गास्तों याच्या हातून पुरी झाली. राजाच्या शिकारीसाठीं एवढी भूमि राखून ठेवणें म्हणजे तितकी नांगरापासून तोडणें होय.

हा आक्षेप नवा नाहीं. क्रांतींत राजवाड्यांतलें सामान लिलांवांत विकलें गेलें; नेपोलियननें तो मार्शल बेर्तिए यास दिला; आणि १८२१ सालीं राजघराण्यांतील एका तान्ह्या मुलाला नजर करण्यासाठीं राष्ट्रीय वर्गणी काढून तो विकत घेण्यांत आला. तेव्हां पॉल लुई कूरिए या लेखकानें एका पत्रकांत या वर्गणीवर कडक टीका केली. अशा जमिनी वांटून शेतकऱ्यांच्या हातीं जाव्या हेंच देशाच्या हिताचें, असा त्याचा रोख होता. त्याबद्दल त्याला दोन महिने तुरुंगांत काढावे लागले. कूरिएचा पक्ष मला तुच्छ वाटत नाहीं. सौंदर्याच्या नांवाखालीं हिशेब लपविणारी रसिकता ही खरी रसिकताच नव्हे.

तें मूल मोठें होऊन शांबोरचा काउंट या नांवानेंच प्रसिद्धीस आलें. १८७१ सालीं सिंहासन त्याच्या अगदीं जवळ आलें असतां, त्यानें ५ जुलै रोजीं शांबोरहून जाहीरनामा काढून आपल्या पूर्वजांचें पांढरें निशाण सोडण्याचें नाकारलें. तिरंगी निशाण पतकरलें असतें तर बहुधा राज्य मिळालें असतें. सोय व कल्पना यांत कल्पना निवडण्याचा या वास्तूचा गुण तिच्या नांवाबरोबर त्याच्यांत उतरला होता, असें विनोदानें म्हणतां येईल. त्याच्या मृत्यूनंतर राजवाडा पार्माच्या घराण्याकडे गेला, व १९३० सालीं फ्रान्सच्या सरकारनें तो घेतला.

या इतिहासांत शांबोरची रिकामी जागा एकदां मात्र खरोखर कामीं आली. १९३९ सालीं महायुद्धाच्या तोंडावर पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयांतील चित्रें पेट्यांत भरून बाहेर हलविण्यांत आलीं, तेव्हां त्यांतील पुष्कळशीं प्रथम शांबोरला आलीं. त्यांत मोना लिसाहि होती. फ्रान्सिसच्या संग्रहांतून फ्रान्सला लाभलेलें लिओनार्दोचें तें चित्र, कदाचित् लिओनार्दोच्याच कल्पनेनें बांधलेल्या जिन्याशेजारीं, कांहीं आठवडे पेटींत बंद पडून होतें. ज्या दालनांना राजे ऊब देऊं शकले नाहींत, त्यांनीं राष्ट्राचें चित्रधन सांभाळलें. १९८१ सालीं जागतिक वारशाच्या यादींत शांबोरचें नांव गेलें, आणि आज तेथें राहणारा कोणी नसला तरी जाणाऱ्यांची रीघ असते.

मला वाटतें, शांबोरला हीच अवस्था सर्वांत शोभणारी आहे. राहण्याचें घर म्हणून तें पहिल्या दिवसापासून फसलें होतें, आणि फ्रान्सिसच्या जिवंतपणींच त्याची कबुली त्याच्या बाहेरच्या खोल्यांनीं दिली होती. पण चार बाजूंनीं येणाऱ्या माणसांना एका मध्याशीं आणून वर उजेडाकडे न्यावें, ही जी कल्पना त्याच्या आराखड्यांत आहे, ती आज प्रथमच कोणत्याहि तडजोडीशिवाय अमलांत येत आहे. ज्या जिन्यावरून एके काळीं दरबाऱ्यांखेरीज कोणी चढत नसे, त्यावरून आतां कोणीहि चढतो. विट्रूव्हियसची सोयीची कसोटी टाकून देण्याचें कारण नाहीं. मात्र ती लावण्यापूर्वीं सोय कोणाची व कशासाठीं, एवढें विचारलें पाहिजे. राजाची सोय शांबोरनें केली नाहीं. ज्यांनीं त्याची किंमत दिली त्यांच्या वंशजांना मात्र तें गच्चीवर नेऊन सोडतें, आणि तेथून ज्या रानांत त्यांच्या पूर्वजांस पाऊल टाकण्याची मुभा नव्हती तें सारें रान त्यांस दिसतें.